ऋण, तप्पु की पातक?

आमच्या घरी रात्रीचं जेवण उरकलं, की भांडी घासायच्या आधी प्रार्थना होते. आज्जी खाटेवर, पप्पा खुर्चीवर, आई आणि आम्ही दोघी बहिणी चटईवर. एक गीत, शास्त्रातला एक उतारा आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. मला कळायला लागल्यापासून हा नेम चालू आहे. तोंडपाठ झालेल्या गोष्टीकडे आपलं लक्ष नसतं, तसं माझंही नव्हतं. गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट कानाला जाणवली. प्रार्थना अर्ध्यावर आली, की पप्पांचा आवाज एका ओळीपुरता बारीक व्हायचा. ती ओळ ऋण सोडण्याची. पुढच्या ओळीला आवाज परत नेहमीसारखा.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणीच नव्हतं. चार वर्षांपूर्वी काकाने पिठाची गिरणी घालायला पप्पांकडून दोन लाख रुपये घेतले. गिरणी चालली नाही, पैसे परत आले नाहीत. एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात चारचौघांसमोर दोघांची बोलाचाली झाली. तेव्हापासून हे सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसू लागले.

या ओळीत ‘ऋण’ हाच शब्द का आहे, हे शोधायला मी लागले ते कॉलेजमधल्या मैत्रिणींमुळे. आपल्या बेळगावात हे एक बरं आहे, एका डब्याभोवती चार भाषा जमतात. गोव्याहून आलेली मैत्रीण म्हणाली, “आमच्या कोंकणी प्रार्थनेत ‘पातकां’ म्हणतात. ऋण नाही.” कानडी उपासनेला जाणारी म्हणाली, “आमच्यात ‘तप्पु’. म्हणजे चूक.” मी म्हटलं, आमच्या मराठीत तर सरळ ऋण आहे, कर्ज! मग प्रभूने नेमकं काय म्हटलं होतं? एकच प्रार्थना, आणि एकीकडे चूक, एकीकडे पाप, एकीकडे उधारी?

आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, थोडं वाचलं, तेव्हा उलगडा झाला तो असा.

ही प्रार्थना नव्या करारात दोन ठिकाणी आहे, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या. दोन्ही शुभवर्तमानं ग्रीक भाषेत लिहिलेली. मत्तयाने जो शब्द वापरला, ‘ओफेइलेमा’, त्याचा अर्थ देणं, कर्ज. लूकने पहिल्या अर्ध्यात ‘हमार्तिया’ म्हणजे पाप हा शब्द घेतला. पण ‘आम्ही क्षमा करतो’ म्हणताना त्यानेही देणेकऱ्याचाच शब्द ठेवला. म्हणजे लूकमध्ये देवापुढे आपण पापी आणि आपल्यापुढचा माणूस देणेकरी, असं दोन्ही एका वाक्यात आलं आहे.

असं का झालं असावं? येशू लोकांशी बोलत असे ती अरामी भाषा. त्या भाषेत ‘होबा’ असा एक शब्द आहे, आणि त्याचे दोन्ही अर्थ होतात: कर्ज आणि पाप. ऐकणाऱ्याला ते वेगळे करून सांगावे लागत नव्हते. ग्रीकमध्ये येताना तो शब्द फुटला. पुढे मत्तयातच, प्रार्थना संपल्यावर, तिचा खुलासा करताना तिसराच शब्द येतो, अपराध या अर्थाचा. त्यामुळे ऋण, तप्पु आणि पातक यांपैकी कोणाचीच प्रार्थना चुकीची नाही. एकाच शब्दाचे वारसदार आहेत सगळे.

मला तरी वाटतं, ‘ऋण’ घेऊन मराठीने चांगलं काम केलं आहे. कर्ज म्हटलं की फक्त पैसा डोळ्यांपुढे येतो. ऋण म्हटलं की आणखी बरंच काही येतं. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या मैत्रिणीने सांगितलं, तिच्या आजोबांच्या तोंडी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तिन्ही नेहमी असतात. माणूस जन्मतो तोच देणेकरी म्हणून. आपण सहज म्हणतो, तुमच्या ऋणात राहायला आवडेल. ज्यांच्याशी काही नातं नसताना जीव जडतो त्यांच्याशी आपला ऋणानुबंध असतो. बँकेच्या कागदापासून आईच्या उपकारांपर्यंत सगळं या दोन अक्षरांत मावतं. आणि ‘सोडणे’ हे क्रियापदही नेमकं आहे, कारण मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही जाऊ देणे, मोकळं करणे असाच आहे. आपण मनात धरून ठेवलेली गोष्ट असते, म्हणून तर ती सोडायची.

येशूच्या श्रोत्यांना कर्ज सोडणं ही नुसती उपमा वाटली नसेल. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी आपल्या बांधवाचं कर्ज सोडण्याची आज्ञा आहे, आणि लेवीयच्या पंचविसाव्यात पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत देण्याची.

मग मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली गोष्ट वाचली. राजाने एका चाकराला दहा हजार तालंतांचं कर्ज सोडलं आणि त्याच चाकराने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरली. मी वहीवर हिशोब मांडला. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दिनार. दहा हजार तालंत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं! फिटणं शक्यच नाही. पण मला अडवलं ते दुसऱ्या आकड्याने. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांचा रोज. गरिबाच्या घरात ही लहान रक्कम नाही. प्रभूने ‘चार आण्यांसाठी भांडला’ असं म्हटलेलं नाही. सोबत्याचं देणं खरं होतं आणि ते दुखणारं होतं, हे त्या गोष्टीत मान्य आहे. क्षमा करायची म्हणजे काही घडलंच नाही असं म्हणायचं, हा माझा समज तिथे गेला.

हे सगळं मी एका रात्री प्रार्थनेनंतर घरात मोठ्या उत्साहाने सांगितलं. अरामी, ग्रीक, सगळं. आज्जी म्हणाली, “अगं, शब्द कुठला का असंना, सोडायचं की नाही तेवढं बघा की.” आई भांडी उचलायला लागली. पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो माझे दोन लाख देणं लागतो. पण त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर भिकारी म्हटलं. त्याची पोरं उभी होती तिथं. ते देणं माझ्याकडं आहे.”

त्या दृष्टीने आमच्यापैकी कोणीच बघितलं नव्हतं. चार वर्षं घरात एकाच बाजूचा हिशोब चालला होता.

पप्पांनी पुढच्या रविवारी काकाच्या बाकाजवळ जाऊन त्या शब्दाबद्दल माफी मागितली. पैशांचं नाव काढलं नाही. पैसे सोडलेत का, हे मी विचारलेलं नाही, आणि काकाने ते अजून दिलेलेही नाहीत. नाताळात काकू करंज्यांचा डबा घेऊन आली. काका दारात घुटमळला, मग आत येऊन आज्जीच्या खाटेवर बसला. त्या रात्री प्रार्थनेला चटई पुरली नाही म्हणून आम्ही सतरंजी काढली. ती ओळ आली तेव्हा पप्पांचा आवाज बारीक झाला, आणि काकाचाही. पण दोघांनीही ती म्हटली.

तुमच्या घरी तप्पु म्हणत असतील, पातकां म्हणत असतील किंवा ही प्रार्थना म्हणतच नसतील. तरी एकदा घरातल्या वहीची दुसरी बाजू उघडून बघा. आमच्या वहीत ती कोरी नव्हती.