इंजिन बांधताना (भाग 7) : ब्लॉकची बुचं

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गणेशमूर्ती घडवणाऱ्या पट्ट्यात साचा म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. साच्याला आतून प्लास्टर-काथ्याचा थर द्यायचा, साचा सोडवायचा. मूर्ती आतून पोकळ, तळ उघडा. इंजिनचा ब्लॉकही साच्यातूनच निघतो आणि तोही पोकळ असतो. फक्त त्याची पोकळी लोखंडाच्या दोन भिंतींमध्ये कोंडलेली असते, कारण सिलिंडरभोवती पाणी फिरायला हवं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात असं ओतकाम चालतं. पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा करून तो साच्यात ठेवतात. गाभा अधांतरी राहत नाही, त्याला बाजूंनी टेकू लागतात. लोखंड थिजलं की टेकूंच्या जागी भोकं उरतात आणि त्यांतूनच वाळू बाहेर काढतात. ती भोकं बुजवणारी पत्र्याची वाटी म्हणजे आपलं आजचं बूच, वेल्च प्लग.

पाणी गोठलं तर बूच उडून ब्लॉक वाचावा म्हणून ते बसवतात, असा एक समज आहे. थंड देशांत कधी तसं घडतंही, पण बूच त्यासाठी जन्मलेलं नाही. आपल्याकडे त्याचा वैरी गंज. कूलंटऐवजी खारेपाटातलं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं, की लोखंडी पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेर दिसतो तो फक्त तांबूस ओघळ. म्हणून इंजिन उघडलंच आहे तर सगळी बुचं बदला, चांगली दिसणारीसुद्धा. पितळी मिळाली तर उत्तम.

जुनं बूच काढताना एका कडेवर ठोका. ते भोकात आडवं फिरतं, मग पक्कडीने ओढा. आत पडू देऊ नका, पाण्याची वाट अडते. भोक पॉलिश पेपरने घासून तेलाचा अंश पुसा. पूर्वी शेलॅक लावत. आता हवा तुटल्यावर धातूंच्या फटीत घट्ट होणारं सीलंट मिळतं. त्याचा पातळ हात पुरतो.

ठोकण्यात खरी कसोटी. वाटीच्या आत जेमतेम मावणारा गोल तुकडा घ्या, सरळ धरा आणि कड भोकाच्या उताराच्या किंचित आत जाईपर्यंत बसवा. वाटीच्या मधोमध हातोडी घातली तर तळ खचतो, कड आत ओढली जाते आणि गळती तिथूनच सुरू होते. जुन्या बशीसारख्या बुचाचं नेमकं उलट: फुगवटा बाहेर ठेवून मध्यावरच ठोकायचं, म्हणजे ते चपटं होऊन कडेला फाकतं.

तेलाच्या वाटांची बुचं वेगळी. त्या वाटा ड्रिलने आरपार पाडलेल्या असतात, टोकं नंतर बंद करतात. ब्लॉक धुताना ही बुचं काढून आत ब्रश फिरवलाच पाहिजे. बोअरिंगचा कीस तिथे दडतो आणि पहिल्याच स्टार्टला बेअरिंगवर जातो. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, सिलिकॉनही नको. सुटलेला धागा किंवा गोळा तेलाची बारीक वाट बंद करतो. आट्यांचं सीलंट लावा, तेही पहिला आटा कोरडा सोडून.

काढलेली बुचं ट्रेमध्ये मोजून ठेवा. टायमिंग कव्हरमागचं एखादं राहिलं तर तेलाचा दाब चढत नाही, आणि फ्लायव्हीलमागचं गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.