मोडलेला ॲक्सल काय सांगतो?

फळ्यावरचा खडू दोन्ही टोकांना धरून पिळून पाहा. तो आडवा मोडत नाही, ४५ अंशांत तिरका वळत मोडतो. जुन्या जीपचा कडक पोलादी ॲक्सल शाफ्टही कधी कधी असाच मोडतो, आणि ती मोड पाहूनच जाणता मिस्त्री ओळखतो की घाव पिळाचा आहे.

हा पीळ येतो कुठून? विलीज सीजे-३बी घ्या. हीच जीप महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. मूळ अमेरिकन गाडीत पहिला गिअर इंजिनाचा पीळ २.८ पट करतो, लो रेंज त्याला २.४६ने गुणते, डिफरन्शिअल आणखी ५.३८ने. गुणाकार होतो सुमारे ३७! हा सगळा जोर मनगटाहून बारीक शाफ्टमधून चाकांकडे जातो. त्यात हवेत भिरभिरणारं चाक अचानक दगडाला टेकलं, तर एका झटक्यात शाफ्ट जातो.

पण बरेच शाफ्ट झटक्यात मरत नाहीत, थकून मरतात. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वांत जास्त आणि मधोमध शून्य असतो. म्हणून चांगल्या शाफ्टचा वरचा थर कडक आणि गाभा चिवट ठेवतात. पृष्ठभागावरच गंजाचा खड्डा किंवा ओरखडा पडला की बारीक भेग धरते आणि फेरीगणिक पुढे सरकते. मोडलेल्या तोंडावर तिच्या वाटचालीच्या रेषा उमटतात, ओहोटीने वाळूवर सोडलेल्या रेघांसारख्या. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा ॲक्सल मोडून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेचे ॲक्सल वर्षानुवर्षं तपासून दाखवलं, की एरवी सहज पेलवणारा भारही पुन्हा पुन्हा पडला तर पोलाद मोडतं. केवढी मोठी गोष्ट!

शाफ्ट मोडल्यावर काय करायचं, ते गाडीवर ठरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीच्या मागच्या शाफ्टवर फक्त फिरवण्याचं काम होतं. गाडीचं वजन हबवर. शाफ्ट मोडला तर तो काढायचा आणि पुढच्या चाकांच्या जोरावर घर गाठायचं. सीजे-३बीत मात्र वजनही शाफ्टवरच, आणि हब निमुळत्या टोकावर चावीने घट्ट बसवलेला. तो काढायला मजबूत पुलरच हवा, हातोडा नव्हे. जुना तुकडा आत राहू देऊ नका, ऑइल सील नवं घाला, बेअरिंगचा खेळ शिमने जुळवा.

नवा शाफ्ट बसवण्याआधी त्यावर लांबीभर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधी खोललात आणि रेघ वळलेली दिसली, तर शाफ्ट पिळला आहे, तो बदला. आणि मोडलेला शाफ्ट वेल्डिंगने जोडून देतो असं कोणी म्हणालं, तर हात जोडून नको म्हणा: वेल्डिंगच्या आचेने तो कडक थरच मऊ पडतो.