आज्या शाळेत, मग आपण कुठे?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गणवेश गुलाबी साडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी आणि विद्यार्थिनींचं वय साठीच्या पुढचं! फोटो तुम्ही नक्कीच पाहिले असतील. पण हे जमलं कसं, ते जास्त भारी आहे.

शिवजयंतीच्या वेळी गावात पाठ वाचला जात होता. आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं आज्या बोलून गेल्या आणि जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साड्या, पाट्या, दप्तरं दिली. शिकवायला कोण? गावातलीच दहावीपर्यंत शिकलेली सून. वर्गात तिची सासूही बसायची! तास दुपारी, घरातली कामं उरकल्यावर. आणि गृहपाठ अडला की मदतीला नातवंडं. शाळा, संस्था आणि घर असे तिघेही कामाला लागले. यातला एक जरी नसता तरी आठवड्याभरात पाट्या माळ्यावर गेल्या असत्या, असं मला वाटतं.

आता आपलं बघा. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या, शाळेत न गेलेल्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचं, तेही स्वयंसेवकांनी, मानधनाशिवाय. गावातली किंवा वॉर्डातली शाळा हे त्याचं केंद्र. शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा. कागदावर झक्कास. पण २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला. हे अशैक्षणिक काम आमच्याच माथी का, हा त्यांचा सवाल. त्यांचं चुकलं असं म्हणणं अवघड आहे. एकट्या मास्तरांवर सगळं टाकलं की असंच होणार.

इथे तुमची गरज आहे. एनएसएसचे तास भरायला झाडासोबत सेल्फी काढून झाला असेल, तर जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायचंय, एवढंच सांगा. शिकणारी व्यक्ती कदाचित तुमच्याच घरात असेल. बँकेत अंगठा उठवणारी आजी, धाकट्याच्या शाळेचा मेसेज तुमच्याकडून वाचून घेणारी काकू.

सुरुवात ‘अ अननसाचा’ने करू नका, प्लीज. मोठ्या माणसांना ते बालिश वाटतं. आधी स्वतःचं नाव, मग एसटीची पाटी, गॅसची पावती, मोबाइलमधले नंबर. पोथी वाचायची इच्छा असेल तर पोथी. चुकलं तर हसू नका आणि हातातून फोन हिसकावून ‘दे, मी करते’ असं तर अजिबात म्हणू नका. त्या वाचत असताना थांबायचं. एका ओळीला पाच मिनिटं लागली तरी.