जागा आहे म्हणून गाठ चढवू नका

सायंकाळी कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यांपुढे टेंपो लागले, ग्रे कापडाच्या गाठी चढू लागल्या, की एकच प्रश्न ऐकू येतो : "अजून किती बसतील?" टेंपोत जागा आहे म्हणजे वजनाची मुभा आहे, हा समज आम्हास घातक वाटतो.

आर.सी. बुकात गाडीचे भरलेले व रिकामे वजन दिलेले असते. फरक असेल तेवढाच माल. त्यातूनही चालक आणि हमालांचे वजन वजा करावे लागते. हा हिशेब सहसा कोणी करीत नाही!

बरे, हिशेब जमला तरी माल ठेवला कुठे, हे पाहावेच लागते. पुढच्या व मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि ३०० किलोच्या गाठी मागच्या चाकांच्या १ मीटर मागे रचल्या, असे धरा. मागच्या चाकांवर ४०० किलो वाढतात, पुढच्यांवरचे १०० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते खरे, पण पावसात वळणावर तीच चाके ऐकत नाहीत. म्हणून जड गाठी तळाशी, मागच्या चाकांच्या पुढे रचाव्यात. साइझिंगमधून येणाऱ्या सुताच्या बीमला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर हवीच. तो घरंगळला तर मागे बसलेल्या हमालाच्या अंगावर येतो.

१ सप्टेंबर २०१९ पासून जादा वजनास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शेठजींनीही ध्यानात घ्यावे, की चालकाबरोबर जादा माल भरायला लावणाराही या कलमात येतो.