बारावीच्या गुणांना वजन हवे
(पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश : भाग ५)

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बारावीची अट अगदी छोटी आहे. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा एक ठरलेला विषय (बहुतेकांच्या बाबतीत रसायनशास्त्र) यांत मिळून ४५ टक्के गुण हवेत. राज्यातल्या मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के पुरतात. ही रेषा ओलांडली की बारावीच्या गुणपत्रिकेचे काम जवळजवळ संपते. ४६ टक्क्यांचा विद्यार्थी आणि ९६ टक्क्यांचा विद्यार्थी गुणवत्ता यादीच्या दाराशी सारखेच उभे राहतात आणि पुढचा क्रम एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल ठरवते. दोघांचे एकूण पर्सेंटाइल जुळले, विषयवारही जुळले, तरच बारावीचे गुण पाहिले जातात. ही रेषा किती खाली आहे तेही पाहू. राज्य मंडळाच्या परीक्षेत भौतिक आणि रसायन हे प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक, तर गणित ८० आणि २० असे असते. तिन्ही विषयांच्या ३०० पैकी ४५ टक्के म्हणजे १३५. प्रात्यक्षिकांचे ८० गुण पदरात पडले, तर लेखीच्या २२० पैकी ५५ गुणांनी, म्हणजे चौथ्या हिश्शाने, काम भागते. प्रात्यक्षिकाचे गुण किती सढळ हाताने दिले जातात हे पालकांना वेगळे सांगायला नको.

माझे म्हणणे असे की, बारावीला केवळ पात्रतेपुरते ठेवून आपण कनिष्ठ महाविद्यालयच रिकामे केले आहे. ज्या परीक्षेचा क्रमावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, तिच्यासाठी दोन वर्षे वर्गात बसायला कोणीही विद्यार्थी तयार होणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. तो नियम वाचून वागतो. ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘टाय-अप’ नावाची व्यवस्था यातूनच वाढली: नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर, दिवसभराचे शिकणे खासगी क्लासमध्ये, आणि प्रयोगशाळेचे तोंड फार तर प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुमारास. २०१८ मध्ये राज्य शासनाने यावर उपाय म्हणून मोठ्या शहरांच्या विभागांत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. हेतू चांगला होता, पण घाव मुळावर नव्हता. मुलाने वर्गात यावे असे शासनाला वाटते आणि वर्गात जे घडते त्याला प्रवेशात किंमत नाही, असे प्रवेशाचे नियमच सांगतात. बोटाचा ठसा ही विसंगती मिटवू शकत नाही. यात सर्वात जास्त नुकसान झाले ते क्लासची लाखांतली फी न परवडणाऱ्या मुलाचे. त्याच्याकडे शिकायला कनिष्ठ महाविद्यालय एवढेच होते आणि तिथे आता शिकवणाऱ्यालाही उमेद उरलेली नाही.

सीईटी निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. तिने जे मोजायचे ते ती बऱ्यापैकी मोजते. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक-रसायनचे १०० प्रश्न, दुसऱ्या ९० मिनिटांत गणिताचे ५०. चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत. साधारण २० टक्के भर अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. पण भौतिक-रसायनच्या एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखण्याचा वेग कळतो. एखादी सिद्धता पायरीपायरीने मांडता येते का, आकृती काढून कारण लिहिता येते का, सलग दोन परिच्छेद सुसंगत लिहिता येतात का, हे कळत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात विद्यापीठाचा पेपर आणि प्रयोगशाळेची जर्नल नेमकी हीच मागणी करतात. मंडळाची लेखी परीक्षा, तिच्या सगळ्या उणिवांसकट, निदान उत्तर लिहायला लावते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, राज्य मंडळ, सीबीएसई, सीआयएससीई यांचे गुण एका मापाने मोजता येत नाहीत. आक्षेप खरा आहे, पण अडचण अभूतपूर्व नाही. सीईटीसुद्धा अनेक दिवस, अनेक सत्रांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते, आणि म्हणूनच तिथे कच्चे गुण न वापरता पर्सेंटाइल वापरतात. प्रत्येक सत्रात बसलेली मुले सरासरीने सारख्याच ताकदीची आहेत, हे त्यामागचे गृहीतक. मंडळांच्या बाबतीत हे गृहीतक जास्त कच्चे आहे, कारण मुले मंडळ निवडतात, सत्र निवडत नाहीत. तरीही मार्ग आहेत. एनआयटीच्या प्रवेशात ७५ टक्के गुण किंवा आपापल्या मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, अशी अट आहे, म्हणजे मंडळनिहाय तुलना तिथे मान्यच आहे. तमिळनाडू वेगवेगळ्या मंडळांतले विषयवार सर्वोच्च गुण एकाच पातळीला आणून मग गुण मोजते. जेईई मेनने २०१३ पासून काही वर्षे क्रमांक लावताना बारावीला ४० टक्के वजन दिले आणि २०१७ मध्ये ते सोडले. देशभरातल्या सगळ्या मंडळांचे निकाल गोळा होईपर्यंत क्रमांक लावता येत नव्हता, ही त्यातली मोठी अडचण होती. राज्याच्या प्रवेशात ती बरीच सौम्य होते. इथले बहुसंख्य उमेदवार एकाच मंडळाचे आहेत, आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या तशाही बारावीच्या निकालानंतरच सुरू होतात. आपण हे करूनही पाहिले आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशात बारावीला निम्मे आणि जेईई मेनला निम्मे वजन होते. २०१६ मध्ये सीईटी परत आली आणि बारावीचे वजन गेले. त्या दोन वर्षांतून काय शिकायचे, हे कोणी नीट तपासण्याआधीच तो प्रयोग गुंडाळला गेला, याची मला खंत वाटते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: बारावीला वजन दिले की कॉपीला आणि गुणांच्या खिरापतीला जोर चढेल. या आक्षेपाला बळ देणारा पुरावा तमिळनाडूतूनच येतो. ग्रामीण आणि गरीब मुलांना प्रवेश परीक्षेचा फटका बसतो, या कारणासाठी त्या राज्याने २००६च्या कायद्याने अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा रद्द केली आणि केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले. पुढे काय झाले? नामक्कल परिसरातल्या निवासी शाळा अकरावीचा अभ्यासक्रम बाजूला सारून दोन वर्षे बारावीच घोकून घेण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. अखेर २०१७-१८ पासून सरकारला अकरावीचीही सार्वजनिक परीक्षा सुरू करावी लागली. म्हणजे इकडे बारावी मोजली नाही म्हणून तिचे वर्ग ओस पडले, तिकडे अकरावी मोजली नाही म्हणून ती शिकवलीच गेली नाही. दोन राज्यांनी उलट दिशांना जाऊन एकच चूक केली: सगळा भार एका परीक्षेवर टाकला. म्हणून मला फक्त बारावी नको आणि फक्त सीईटीही नको. बारावीच्या लेखी गुणांना २५ ते ३० टक्के वजन द्यावे, प्रात्यक्षिकांचे गुण त्यातून वगळावेत. प्रयोगशाळेवर हा अन्याय आहे, हे मान्य; पण आजच्या पद्धतीने दिलेले ते गुण क्रमवारीत आणले, तर प्रामाणिक महाविद्यालयाच्या मुलांवर त्याहून मोठा अन्याय होईल. एवढ्या वजनासाठी मुले वर्गात येतील. केवळ कॉपीच्या जोरावर चांगले महाविद्यालय मिळणार नाही, कारण उरलेले ७० ते ७५ टक्के संगणकावरच्या परीक्षेतूनच मिळवावे लागतील. आणि केंद्रावरच्या कॉपीमुक्त अभियानाकडे पालक आजच्यापेक्षा जास्त गांभीर्याने पाहतील, कारण शेजारच्या केंद्रावरच्या गैरप्रकाराचा फटका थेट आपल्या मुलाच्या क्रमांकाला बसणार असेल.

वजन दिल्याने महाविद्यालये खरोखर शिकवू लागतात का, अशी शंका कोणी घेईल. लातूर पॅटर्न आठवावा. प्रवेश बारावीच्या गुणांवर होत होते, त्या काळात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आणि त्यापाठोपाठ इतरत्र प्राध्यापकांनी जादा तास, सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची बारीक तपासणी हे सारे महाविद्यालयाच्या आवारातच उभे केले. त्यात घोकंपट्टी होती, ही टीका रास्त आहे. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला महाविद्यालयाच्याच वर्गात ती मेहनत मिळत होती. आज त्याच लातूरची ओळख क्लासचे शहर अशी झाली आहे. शिक्षकांची निष्ठा एकाएकी आटली म्हणून हे झालेले नाही. प्रवेशाचे नियम बदलले आणि त्यांच्यामागोमाग मेहनतीची जागा हलली.

राहिला प्रश्न अंमलाचा. प्रवेशाचे सूत्र बदलायचे तर ते अकरावीच्या प्रवेशाआधी जाहीर व्हायला हवे, म्हणजे त्या तुकडीला पूर्ण दोन वर्षे मिळतील. बारावीत पोचलेल्या मुलांच्या बाबतीत मध्येच नियम बदलणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. लेखी गुणांचे मंडळनिहाय समीकरण कसे करणार, त्याचे सूत्र उदाहरणासह माहितीपुस्तिकेत छापावे. पुनर्मूल्यांकनाचे निकाल कॅपची पहिली यादी लागण्याआधी हाती यावेत, अशी तारीख मंडळावर बंधनकारक करावी. नाहीतर चुकीच्या बेरजेची किंमत विद्यार्थी जागा गमावून मोजेल. आणि पहिल्या तुकडीचे पहिल्या वर्षाचे निकाल त्यांच्या बारावी आणि सीईटी या दोन्ही गुणांशी ताडून सीईटी सेलने प्रसिद्ध करावेत. दिलेले वजन कमी पडले की जास्त झाले, ते त्या आकड्यांवरून ठरवता येईल.