सून पोलिसांत जायचं म्हणते!

मैत्रिणींनो, पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या वऱ्हाडातली पहाट बदलते. अकोल्यातलं वसंत देसाई क्रीडांगण घ्या, नाहीतर अमरावतीतला छत्री तलावाचा रस्ता घ्या. दूधवाल्याच्याही आधी पोरं धावायला हजर! त्यांत मुलीही पुष्कळ असतात. पण गळ्यात मंगळसूत्र असलेली मात्र शोधावीच लागते.

असं का बरं व्हावं? शिपाई पदाला शिक्षण बारावी पास लागतं. वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. लग्न झालेलं चालत नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. आता आपल्याकडे मुलीचं लग्न साधारण कोणत्या वयात होतं ते आठवा. म्हणजे भरतीची जी वर्षं, तीच नेमकी नव्या सुनेची वर्षं! माहेरी राहून गेलेली परीक्षा तिला सासरी येऊन देता येते. पण सासरच्यांनी देऊ दिली तर.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे, भरतीच्या मुलामुलींना मराठी व्याकरण शिकवते. एका विद्यार्थिनीच्या सासूबाई मला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, शिकाले काही नाही म्हनत नाही मी. पन सुनेनं चारचौघांत पयावं काहून बाप्पा?" त्यांना मी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण दिली. अमरावतीची ही संस्था १९१४ सालची. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार दाखवून आली. ज्या गावाला कसरतीचा एवढा अभिमान, त्या गावात बाई धावली तर नवल ते काय? आणि २०२० मध्ये याच शहराच्या पोलीस आयुक्त म्हणून आरती सिंग आल्या, तेव्हा आपणच तर कौतुकानं बोलत होतो!

तर आता पळण्याचंच बघू. २०२२ पासून मैदानी चाचणी आधी आणि लेखी परीक्षा नंतर असा क्रम आहे. मैदानाला ५० गुण. त्यांतले निदान निम्मे मिळायलाच हवेत; आणि मिळाले तरी एका जागेमागे दहा जणांनाच लेखीला बोलावतात. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते. यावरून चुरस ओळखा. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. पैकीच्या पैकी हवे असतील तर ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत, आणि ४ किलोचा गोळा ६ मीटरवर. उंची १५५ सेंटिमीटर लागते, म्हणजे पाच फूट एक इंचाहून केसभर जास्तच. ती मात्र भिंतीला टेकून अनवाणी, घरीच आधी मोजून घ्यावी. तिथे कमी भरली तर पुढची सगळी धावपळ फुकट.

८०० मीटर म्हणजे मोठ्या मैदानाच्या दोन फेऱ्या. नव्या मुली पहिल्या फेरीतच सगळा दम काढतात आणि दुसरीत कंबरेवर हात ठेवून चालू लागतात. सुरुवातीचा महिना नुसतं चालणं आणि हळू पळणं, मग घड्याळ लावणं, असं केलं तर दम टिकतो. गोळ्याचं गंमत म्हणजे तो चेंडूसारखा फेकायचा नसतो, मानेशी टेकवून ढकलायचा असतो. जोर पायांतून आणि कंबरेतून येतो. डोक्यावर पाण्याचे गुंड वाहिलेल्या बायकांना ही ओळख पटकन पटते, असं मी पाहिलं आहे.

पण हे सगळं करायला वेळ कुठला? मला विचाराल तर खरी परीक्षा इथेच आहे. घरातला मुलगा भरतीची तयारी करत असला की त्याला कुणी उठवून भाजी चिरायला सांगत नाही. उलट बदाम भिजत पडतात! सून मात्र चारला उठून कणीक मळते, मग पळते, आल्यावर डबे भरते, आणि दुपारी पुस्तक उघडलं की पेंगते. दम वाढतो तो पळून झाल्यावरच्या विश्रांतीत. ती नसेल तर पोटऱ्या आणि गुडघे दुखायला लागतात, आणि मग "झेपत नव्हतं तर कशाला गेली" हे ऐकवायला सगळे मोकळे. सकाळचा स्वयंपाक चार-सहा महिने दुसऱ्या कुणी सांभाळला तर काय बिघडणार आहे? नवऱ्यानं पोळ्या केल्या तर त्या भारताच्या नकाशासारख्या होतील, पण पोटात गेल्यावर कोण बघतं!

उन्हाचंही भान हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्या अकोल्यात पारा ४४-४५ च्या वर जातो. तेव्हा सूर्य वर यायच्या आत घरी परतलेलं बरं. २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या धावण्यात काही तरुण उमेदवार दगावले होते. उपाशीपोटी, झोप न होता, तहानलेल्या अंगानं पळणं किती महाग पडू शकतं! मीठ-साखर-लिंबाचं पाणी, पातळ ताक हे रोज चालू ठेवा.

आता रक्ताची गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांचं रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दम कसा टिकणार? तयारी सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावं. लागल्या तर लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील. बाळंतपण होऊन थोडेच महिने झाले असतील तर त्यांच्या सल्ल्याशिवाय पळूच नये. जेवणात आपलं साधंच पुरतं: ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, पालेभाजी आणि वर लिंबू. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, अळिवाचा लाडू, जमेल तसं अंडं आणि दूध. जेवणाला लागून चहा नको, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चाचणीच्या सकाळी दोन तास आधी केळं नाहीतर गूळ-भाकर. त्या दिवशी नवीन काही खाऊन बघू नये. ताकदीची म्हणून मैदानाबाहेर कुणी गोळी-इंजेक्शन पुढे केलं तर हातही लावू नका. पाळीची तारीख जवळ येत असेल तर मैत्रिणीचं ऐकून पाळी लांबवायची गोळी घेऊ नये. डॉक्टरांना आधी विचारावं. आणि बुटांइतकाच नीट बसणारा, खेळाचा आतला कपडा महत्त्वाचा. संकोचापायी तेवढंच घ्यायचं राहून जातं.

लेखी परीक्षेचे १०० गुण, वेळ दीड तास. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. आपली रोजची बोली 'पानी-लोनी' असली तरी शुद्धलेखनाला घाबरायचं कारण नाही. व्याकरण हा सरावाचा विषय आहे. गणित मात्र रोज घड्याळ लावून सोडवावं.

भरती झाली तर पुढे काय, हाही प्रश्न घरात आधीच बोलून घ्या. प्रशिक्षण कित्येक महिन्यांचं, राहूनच करायचं. अकोल्यातही प्रशिक्षण केंद्र आहे. पण आपल्याला तेच मिळेल असं धरून चालू नये. लेकरू तेवढे दिवस कुणापाशी राहील? मग नोकरीत बंदोबस्त आले, गणपती आले, निवडणुका आल्या. थोडा दिलासा असा की महिला पोलिसांना बारा तासांऐवजी आठ तास ड्यूटी, हा प्रयोग २०२१ मध्ये नागपूरनंतर आपल्या अमरावती शहरातही झाला आणि २०२२ च्या जानेवारीत राज्यभरासाठी आदेश निघाला. तातडीच्या प्रसंगी तास वाढतात, हे धरूनच चालायचं.

कागदपत्रांत सुनांची जास्त अडचण होते. बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार कार्ड सासरच्या! विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा. इतर मागासवर्गातून अर्ज असेल तर नॉन क्रीमीलेअरची मुदतही बघा. अमरावती शहर, अमरावती ग्रामीण आणि अकोला हे भरतीचे वेगवेगळे घटक आहेत, आणि एका पदासाठी एकाच ठिकाणी अर्ज चालतो. माहेर धरायचं की सासर, हे जाहिरातीतल्या जागा बघून ठरवावं. नियम दर भरतीला बदलू शकतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आणि हो, पळताना बांगड्या वाजतात, मंगळसूत्र हनुवटीवर आपटतं. ते काढून ठेवायला सुनेला विचारायची भीती वाटते. सासूबाईंनी आपण होऊनच एक डबी आणून कपाटात ठेवली, तर तिला विचारावंही लागणार नाही.