टोमॅटोची अढी

इंग्लंडात ऑक्टोबर महिना लागला की परसातील टोमॅटोचा बहर सरत येतो. ऊन मंदावते, रात्री गारठतात आणि झाडावर हिरवी फळे तशीच लोंबत राहतात. एखाद्या रात्री दव गोठले की ती काळवंडून कुजतात. म्हणून जाणता माळी ती आधीच खुडून घरात आणतो.

खुडलेले फळ पिकते कसे? पुष्कळांना वाटते की त्याला ऊन हवे. म्हणून ते खिडकीत मांडतात. वस्तुतः त्याला उजेडाची गरज नसते. हवी असते ती सुमारे २० अंश सेल्सिअसची ऊब आणि इथिलीन नावाचा वायू. पिकणारे फळ हा वायू स्वतःच सोडते व शेजारच्या फळासही पिकवते. पिकलेल्या सफरचंदांतून तो बाहेर पडतो, हे इंग्लंडातील रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवून दिले. म्हणूनच टोमॅटोच्या खोक्यात एक पिकलेले केळे ठेवतात. कोकणात पेंढ्यात आंब्यांची अढी घालतात, तेथेही हाच वायू कोंडला जातो.

मात्र पुरते वाढलेले फळच असे पिकते. कोवळे असेल तर ते सुरकुतते. नासके फळ वेळीच काढावे लागते, नाही तर सारे खोके बिघडते. झाडावर पिकलेल्या फळाची गोडी या टोमॅटोला नसते, हे खरे. परंतु नोव्हेंबरातही घरचा टोमॅटो पानात पडतो.